राऊटर नसताना राऊटर शिकणं

नारपोलीचा माझा एक जुना विद्यार्थी परवा भेटला. नेटवर्किंगचा कोर्स करतो. म्हणाला, "सर, सरावाला चार-पाच राऊटर लागतात. एवढे पैसे कुठून आणू?" त्याला जो इतिहास सांगितला, तोच इथे लिहितो.

आपल्याकडे मागाचं काम शिकणारा मुलगा मालकाच्या मागावर हात बसवतो; स्वतःचा माग लागत नाही. राऊटरचं तसं नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. जाळं वाढलं, ते सांभाळणाऱ्या माणसांची गरजही वाढली. पण शिकायचं, तर महागडी यंत्रं हवीत.

ऑगस्ट २००५मध्ये फ्रान्सच्या क्रिस्तोफ फियो यांनी 'डायनामिप्स' लिहायला घेतलं. सिस्कोच्या ७२०० राऊटरचं यंत्र त्यांनी साध्या संगणकात सॉफ्टवेअरने उभं केलं. राऊटरची मूळ प्रणाली ज्या फाईलमध्ये असते ती 'इमेज' त्यावर जशीच्या तशी चालू लागली. अडचण एकच: राऊटर रिकामा बसला तरी संगणकाची सगळी ताकद खायचा. मग 'आयडल-पीसी'ची सोय झाली. प्रणाली नुसती वाट पाहत कुठे फिरते ते ठिकाण शोधायचं आणि तिथे पोचली की तिला थोडं झोपवायचं. पुढे जेरेमी ग्रॉसमन यांच्या 'जीएनएस३'मुळे माऊसने राऊटर मांडून तारा जोडता येऊ लागल्या.

पण इमेज कुणाची? जीएनएस३ मोफत मिळतं, सिस्कोची इमेज नाही. ती कंपनीची मालमत्ता, परवान्याने बांधलेली. मुलं ती पेनड्राईव्हवरून एकमेकांना देतात. "सगळेच घेतात, सर." वर्गात कॉपी पकडल्यावरही हेच उत्तर मिळतं. तिथे मी ते मान्य करत नाही, मग इथे कसं करू?

सुदैवाने या इतिहासाला दुसरा धागा आहे. १९९६मध्ये जपानच्या कुनिहिरो इशिगुरो यांनी 'झेब्रा' हे मुक्त राऊटिंग सॉफ्टवेअर सुरू केलं. त्यातून 'क्वागा' आणि २०१७मध्ये 'एफआरआर' आलं. ओएसपीएफ, बीजीपी सगळं त्यात आहे, आज्ञांची धाटणीही सिस्कोसारखीच. लिनक्सवर चालतं, मोफत आणि कायदेशीर. जुन्या संगणकावरही असे अनेक राऊटर एकदम उभे राहतात.

मी त्याला म्हटलं, "आधी यावर हात बसव. एका कंपनीचं खोकं शिकशील ते नंतर. पाकीट रस्ता कसा शोधतं, ते सगळीकडे सारखंच आहे."