घाटानंतरचा रस्ता

मुंबई-पुणे सायकल शर्यतीविषयी दोन शब्द ठाऊक असलेला कोणीही माणूस त्यांपैकी एक शब्द 'घाट' असाच सांगेल. खोपोली सोडली की बोरघाटाची चढण सुरू होते आणि खंडाळ्याला माथ्यावर जो पहिला पोहोचेल तो 'घाटाचा राजा'. ही पदवी इतकी लोकप्रिय झाली की पुण्याला पहिल्या आलेल्या सायकलपटूचे नाव विसरलेली माणसेही घाटाच्या राजाचे नाव सांगतात. परंतु खंडाळ्याला शर्यत संपत नाही. लोणावळ्यापासून पुढे पुण्यापर्यंत साठाहून अधिक किलोमीटर उरलेले असतात. वलवण, कार्ला फाटा, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड हा तो रस्ता. त्याला कोणी राजा नाही. प्रस्तुत लेख या बिनराजाच्या रस्त्याविषयी, आणि त्या रस्त्यावर कामशेत येथे घडलेल्या एका जुन्या प्रसंगाविषयी आहे.

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध सायकलपटू मूळचे कामशेतचे. सत्तरच्या दशकात ते पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीचा सराव करीत. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. त्याचे कारण पुढे येईल. आम्ही त्यांना काका म्हणतो. गेल्या काही वर्षांत त्यांच्याशी अनेकदा बोलणे झाले. आरंभी आमचा हेतू साधा होता. या शर्यतीतील पहिल्या क्रमांकांच्या बातम्या वर्तमानपत्रांत छापून येत. पण विसाव्या, तिसाव्या क्रमांकाने पुण्याला पोहोचलेल्यांचे काय? त्यांचा इतिहास त्यांच्या आठवणींतच आहे, आणि आठवण सांगणारा गेला की तोही जातो. म्हणून ऐकावे आणि लिहून ठेवावे, एवढेच मनात होते.

'हौशी' हा शब्द येथे जरा थांबून पाहिला पाहिजे. इंग्रजीतील 'अमॅच्युअर' हा शब्द प्रेम करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपर्यंत जातो. आपल्या 'हौस' या शब्दाचे मूळ अरबी 'हवस'मध्ये आहे. म्हणजे त्यात प्रेमापेक्षा इच्छा, तीही काहीशी अनावर इच्छा अधिक. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, तेव्हा ती फुकट असते असे म्हणायचे नसते. तिच्यासाठी मोजलेल्या पैशाचा हिशेब करायचा नसतो, एवढेच. महाराष्ट्रातील क्रीडेचा इतिहास बव्हंशी या हौसेच्या हिशेबाचा इतिहास आहे. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना गावोगाव वर्गणी मागावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे गहाणखतावर आले.

सायकलपटूंचा हिशेब याहून लहान, पण जातकुळी तीच. गिअरची सायकल परदेशी, आणि परवान्यांच्या त्या काळात परदेशी सुटे भाग मिळणे दुरापास्त. काका सांगतात, "आमची सायकल म्हणजे दहा सायकलींची मिळून एक. फ्रेम एकाची, चाकं दुसऱ्याची. शर्यत झाली की चाकं परत द्यायची." मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, घंटी सारे उतरवून ठेवायचे म्हणजे वजन कमी होते, सोमवारी कामावर जाण्यापूर्वी तेच सारे पुन्हा चढवायचे. ज्या सायकलीवर डबा लावून माणूस पाळीला जातो तीच रविवारी शर्यतीची सायकल. ही वस्तुस्थिती ध्यानात घेतल्याशिवाय त्या पिढीची हौस कळत नाही.

आता घाटाकडे वळू. बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता १८३० साली खुला झाला. आगगाडी १८६३ मध्ये घाट चढली. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा नावाच्या धनगराची दंतकथा सर्वांना माहीत आहे. वाट दाखवल्यावर त्यालाच मारण्यात आले असे ती सांगते. आजही गाडीवाले तेथे नाणे टाकून पुढे जातात. डोंगर फोडून केलेला रस्ता विनामूल्य मिळत नाही, त्याने कोणाचा तरी बळी घेतलेला असतो, ही लोकसमजूत त्या नाण्यात आहे. सायकलपटूंचेही हात चढणीवर असताना त्या देवळाकडे जुळत, असे काका सांगतात, "म्हणजे एकच हात. दुसरा हँडलला."

रोलाँ बार्थ यांच्या १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात फ्रान्सच्या सायकल शर्यतीवर एक निबंध आहे. तीत शर्यतीला त्यांनी महाकाव्य मानले आहे. त्यांच्या मते तेथील डोंगर हे भूगोल राहत नाहीत, पात्रे होतात; व्हाँतू हा पर्वत तर दुर्बळांना क्षमा न करणाऱ्या क्रूर देवतेसारखा वागतो. शिंग्रोबा आपल्या घाटात बसलेला असताना हे आम्हाला कोणी फ्रान्समधून सांगायची खरे तर गरज नव्हती. परंतु बार्थ यांच्या निबंधाने एक प्रश्न मात्र मनात उभा केला. महाकाव्याला डोंगर लागतो. मग सपाटीला काय लागते?

याचे उत्तर आधी यंत्रशास्त्रात शोधावे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूचा सर्वांत मोठा शत्रू हवा असते. पुढच्याच्या चाकामागे चाक लावून चालवले तर त्याच्या आडोशाने बरेच श्रम वाचतात. म्हणून सपाटीवर गट करून, आळीपाळीने पुढे येऊन चालवतात. चढणीवर वेग उतरतो, हवेचा विरोध कमी होतो आणि स्वतःचे वजन हाच शत्रू उरतो. तेथे दुसऱ्याच्या आडोशाचा फारसा उपयोग नाही. घाट माणसांना एकेकटे करतो, सपाटी त्यांना पुन्हा एकमेकांच्या आधाराला आणते. त्यामुळे घाट एकट्याने जिंकलेला माणूस माथ्यावरून पुढे एकटाच राहिला, तर मागून आळीपाळीने येणारा गट त्याला गाठतो. त्यात कोणाचा अन्याय नाही, तो रस्त्याचा नियम आहे.

फ्रान्सच्या शर्यतीत डोंगराच्या राजाची मोजदाद १९३३ साली सुरू झाली. पहिला मान व्हिसेन्ते त्रुएबा या स्पेनच्या छोट्याशा सायकलपटूला मिळाला. तो चढणीवर सर्वांच्या पुढे असे, आणि उतारावर मिळवलेला सगळा वेळ गमावून बसे. एकूण क्रमवारीत तो सहावा आला. त्या अनुभवानंतर पुढच्या वर्षी माथ्यावर प्रथम येणाऱ्याला वेळेची सवलत देण्याची पद्धत आली. राजाला राज्य नसते, हे तेथेही ध्यानात आलेच होते.

काकांचा प्रसंग असा. त्यांच्या सर्वांत चांगल्या शर्यतीत ते घाटमाथ्यावर अगदी पुढच्या मोजक्या जणांत होते. लोणावळा पुढच्यांबरोबर ओलांडले. इंद्रायणीच्या खोऱ्यातला हा रस्ता पावसाळ्यानंतर भाताच्या खाचरांमधून जातो. कामशेतला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचे गावकरी, भाऊबंद, शाळेतले गुरुजी उभे होते. "आणि तिथंच पंक्चर झाली बघा," काका म्हणाले. "घरासमोर. नशीब." चाक बदलेपर्यंत सगळे पुढे गेले. पुढची खिंड एकट्याने चढून ते पुण्याला कितव्या तरी क्रमांकाने पोहोचले.

ही हकिकत आम्ही त्यांच्याकडून चार-पाच वेळा ऐकली. दर वेळी तीच, त्याच शब्दांत. आठवण इतकी घोटीव झाली की तिच्याविषयी थोडी शंका घ्यावी, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिकवावे लागत नाही. तरीही आम्ही शंका घेतली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कामशेतच्या स्टेशनाबाहेर चहा घेताना ते स्वतःहूनच म्हणाले, "अहो, पंक्चर झाली नव्हती."

मग त्यांनी सांगितले ते असे. त्यांना घाटाचा राजा व्हायचे होते. त्यासाठी त्यांनी चढणीवर होते नव्हते ते सर्व खर्च केले आणि थोडक्यात हुकले. लोणावळ्यापुढे पाय भरून आले. मागून आलेल्या गटाने त्यांना गाठले; त्या गटाच्या आडोशाला राहण्याइतकेही बळ उरले नव्हते. गट सुटला तो नेमका कामशेतला, गावासमोर. संध्याकाळी घरी आल्यावर वडिलांनी विचारले, "काय झालं रं?" त्यांनी उत्तर दिले, पंक्चर. तेव्हापासून ती पंक्चर गावात राहिली. "वडील गेले, भाऊ गेला. दोघंही पंक्चरच सांगायचे. आता मी तरी कशाला बदलू?"

अलेस्सान्द्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाने मौखिक इतिहासाविषयी मांडलेला विचार येथे आठवतो. तेर्नी येथील लुईजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १९४९ साली नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे अनेक कामगार मात्र तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मारला गेला असे सांगत राहिले. पोर्तेल्ली यांनी ही चूक दुरुस्त करून बाजूला टाकली नाही. १९५३ ची कपात ही त्या गावाची मोठी जखम होती. मृत्यूला साजेसे कारण लोकांनी तेथे शोधले, असे त्यांनी दाखवून दिले. चुकीची आठवणही एका सत्याचा पुरावा असते, मात्र ते सत्य घटनेचे नसून सांगणाऱ्याच्या गरजेचे असते.

काकांची पंक्चर या कसोटीवर पाहिली तर काय दिसते? त्यांनी खोटे कारण निवडले, पण कसेही निवडले नाही. पंक्चर हा सायकलचा दोष आहे, शरीराचा नव्हे. उसन्या चाकांवर धावणाऱ्या माणसाच्या तोंडी ते कारण अत्यंत स्वाभाविक आहे; गावालाही ते पटले, कारण सायकल कधीही दगा देते हा गावाचा रोजचाच अनुभव होता. दुसरे असे की, दमलो असे म्हणण्यासाठी शर्यतीतल्या दमण्याची किंमत ऐकणाऱ्याला ठाऊक असावी लागते. वडिलांच्या दृष्टीने दमणे म्हणजे चिखलात उभे राहून दिवसभर भात लावणे. हौसेने दमणे हे त्या घरात सांगण्यासारखे कारणच नव्हते. हौसेला मोल नसते ते असे. आमच्या मते पंक्चरच्या या एका शब्दात त्या काळच्या हौशी खेळाडूचा आणि त्याच्या घराचा जितका इतिहास आहे तितका निकालपत्रकात सापडणार नाही.

यावर कोणी म्हणेल की हे आम्ही सोयीचे बोलतो आहोत. खोट्याला अर्थ दिला की ते खरे होत नाही. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. घटना म्हणून पंक्चर झाली नाही, तसे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे, आणि लिहिले आहे. परंतु केवळ दुसरी हकिकत लिहून पहिली खोडून टाकली असती तर वडील, भाऊ आणि ज्या गावाने त्यांना इतकी वर्षे सांभाळून घेतले ते गाव, हे सर्व खोडले गेले असते. शिवाय दुसरी हकिकतही शेवटी आठवणच आहे. म्हातारपणी माणूस स्वतःला जसा उजळ करतो, तसा क्वचित नको इतका कठोरही होतो.

१९२३ साली मुंबईहून जगाच्या प्रवासाला निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये सायकलवरून जग फिरून परतले. त्यांनी इंग्रजीतून पुस्तक लिहिले, म्हणून आज त्यांच्याविषयी लेख लिहिता येतात. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या 'पुणे ग्रँड टूर' या आंतरराष्ट्रीय शर्यतीचा एक टप्पा मुळशी-मावळ भागातून गेला. अशा शर्यतीत शेवटच्या सायकलपटूचीही वेळ सेकंदांत नोंदली जाते. कोण कोठे सुटला याविषयी पुढे कोणाला पंक्चर सांगता येणार नाही. एका अर्थी हे चांगलेच आहे. या दोन टोकांच्या मध्ये जी पिढी कारखान्याच्या पाळीतून रस्त्यावर आली, तिच्यापाशी पुस्तकही नाही आणि नोंदही नाही.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर सायकलला मनाई आहे. खंडाळ्याचा १८३० चा अमृतांजन पूल २०२० च्या टाळेबंदीत पाडण्यात आला. द्रुतगती मार्गाने जाणारा प्रवासी कामशेतच्या बोगद्यांतून काही क्षणांत निघून जातो, त्याला गाव दिसतही नाही. जुना रस्ता मात्र अजून गावातूनच जातो आणि सकाळी त्यावर नवे सायकलपटू दिसतात. त्यांच्या सायकली परदेशी, डोक्याला शिरस्त्राण, हँडलला वेग दाखवणारे यंत्र. काका त्यांना पाहत रस्त्याकडेला उभे असतात. कोणी चाक खोलून बसला असेल तर जवळ जातात.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्यांची परवानगी मागितली. दोन्ही हकिकती लिहू का, असे विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहा. पण नाव नको. गावात अजून पंक्चरच आहे."