मागे वाघ आहे : पँटोमाइमची रचना आणि आपले घरचे प्रेक्षक

‘पँटोमाइम’ म्हटले की आपल्याला मूकाभिनय आठवतो. ब्रिटनमध्ये मात्र नाताळच्या सुट्टीत आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत अख्खे घर ज्याला जाते, त्या गाण्यांच्या आणि सोंगांच्या गलबल्याला पँटोमाइम म्हणतात. हे नाव जुन्या मूक खेळांवरून आले. १७१७ च्या सुमारास जॉन रिचने लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स नाट्यगृहात इटालियन सोंगांवर बेतलेले मूक खेळ लावले. तो स्वतः हार्लेक्विन होई आणि तोंडातून शब्द काढत नसे. संवादी नाटकाचा अधिकार तेव्हा मोजक्या सनदी नाट्यगृहांकडे होता. १८४३ च्या कायद्याने तो सर्वांना मिळाला आणि मूक खेळात कोट्या शिरल्या. १८७९ पासून ऑगस्टस हॅरिसने ड्रुरी लेन नाट्यगृहाची सूत्रे घेऊन सुट्टीतला हा खेळ भव्य केला, जलशांतले लोकप्रिय नट त्यात आणले. मूकपणा गेला, नाव तेवढे राहिले.

जालन्याच्या मस्तगडासारख्या जुन्या वस्तीत असा खेळ उभा करायचा असेल तर काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हा या लेखाचा प्रश्न आहे. सिंड्रेला मराठीत आणून बर्फ पाडणे हा त्यावरचा उपाय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. घ्यायची ती रचना. आणि त्या रचनेचे बहुतेक भाग आपल्या घरात आधीच आहेत, फक्त वेगवेगळ्या खोल्यांत पडले आहेत.

या रचनेचा कणा एकच: रंगमंचावरच्या पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असते आणि ते ओरडून सांगणे हे प्रेक्षकाचे काम असते. म्हणून कथा सगळ्यांच्या ओळखीची लागते. रहस्यकथेवर असा खेळ उभा राहत नाही. आपल्याकडे भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट यासाठी जणू घडवूनच ठेवली आहे. आजीने ती आईला सांगितलेली असते, आईने पोराला. तिन्ही पिढ्या उत्तर घेऊनच नाट्यगृहात येतात.

एक प्रसंग जवळून पाहू. म्हातारी लेकीकडे निघाली आहे, रानात दमून बाकावर टेकते, पुरचुंडी सोडून भाकरी काढते. मागून वाघ येतो. पोरे ओरडतात. म्हातारी कानावर हात ठेवून विचारते, ‘काय म्हणता?’ पुन्हा ओरडा. ती उजवीकडून वळते, वाघ तिच्या पाठीला पाठ लावून डावीकडे सरकतो. ‘कुठंय? कुणीच तर नाही!’ दुसऱ्यांदा ती डावीकडून वळते, वाघ उजवीकडे. तिसऱ्यांदा दोघे समोरासमोर. ब्रिटिश रिवाजात इथे भूत असते आणि शेवटी म्हातारीच्या जागी असलेल्या बाईचे तोंड पाहून भूतच पळते. आपला वाघही तसाच पळावा. यातली खरी कारागिरी थांबण्यात आहे. ओरडा पुरता चढण्याआधीच म्हातारी बोलली, तर पोरांना कळते की आपण ओरडलो काय आणि गप्प बसलो काय, खेळ पुढे जाणारच. मग ती पुन्हा तोंड उघडत नाहीत. फार थांबली तर ओरड्याचा गोंगाट होतो. तीनच वेळा, आणि तिसऱ्या वेळी सुटका.

याच कारणासाठी प्रेक्षागृह पूर्ण काळोखे करू नये. काळोखात लहान मूल गप्प होते, आईला बिलगते. दिवे मंद ठेवावेत, पोरांना एकमेकांची तोंडे दिसावीत. दुष्टाने डावीकडून यावे आणि भल्याने उजवीकडून, हा तिकडचा जुना संकेतही कामाचा आहे. चार वर्षांच्या मुलालाही दोन प्रवेशांत कळते की कुठल्या विंगेकडे नजर ठेवायची.

आता मुख्य पात्र, म्हणजे हीच म्हातारी. पँटोमाइममधली ‘डेम’ म्हणजे पुरुषाने केलेली ठसकेबाज पोक्त बाई. १८८८ पासून ड्रुरी लेनला डॅन लेनोने ही भूमिका गाजवली. आपल्या वाचकाला ती समजावून सांगायला नको, कारण तमाशातली मावशी आपण पाहिली आहे. गणानंतर गवळण सुरू होते, गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, पेंद्या आणि कृष्ण वाट अडवतात आणि पुढे होऊन भांडते ती मावशी, कमरेवर हात, डोक्यावर पदर, आवाज पुरुषाचा. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकेशी हिची गल्लत करू नये. तिथे नट पुरुष आहे हे विसरायला लावणे ही कला होती. इथे ते क्षणभरही विसरू न देणे ही कला आहे. मिशीची खूण आणि लुगड्याचा घोळ दोन्ही एकदम दिसले की मूल निर्धास्त होते: ही खोटी खोटी आहे, हिला वाघाने धरले तरी भ्यायचे कारण नाही.

हे मराठी मुलांना रुचते याचा पुरावा बालनाट्यात आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटरतर्फे ‘मधुमंजिरी’ आणले, तेव्हापासून मुलांसाठी मोठ्यांनी नेटके नाटक करण्याची वाट आपल्याकडे रुळली. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ मध्ये ते नाटक पुन्हा आले तेव्हा वैभव मांगले यांनी. तीच पुरुषी बाई, आणि प्रेक्षागृहातून तिला उत्तरे देणारी पोरे.

पण एक वाटणी झाली आणि ती मला सलते. मावशी तमाशात राहिली आणि तमाशा घरातल्या बायका-मुलांपासून दूर गेला. बालनाट्य मुलांचे झाले आणि आईबाप तिथे पोराची पाण्याची बाटली सांभाळायला बसू लागले. सगळ्या घराने एकाच विनोदावर, पण वेगवेगळ्या कारणांनी हसावे, ही जागा रिकामी राहिली. एकनाथांचे भारूड ती भरून काढत असे. पैठण इथून काही लांब नाही, आणि सोंगी भारुडात पोरगा सोंगाला हसतो तेव्हा आजोबा अर्थाला मान डोलावतात. पँटोमाइमची दुहेरी कोटी याच जातीची असावी. मुलाच्या डोक्यावरून जावी, पण शेजारी बसलेल्या सुनेला सासऱ्यासमोर मान खाली घालावी लागू नये.

बतावणीचा मसाला गावाचाच हवा. कुंडलिकेने जालन्याचे जुने आणि नवे असे दोन भाग केले आहेत. म्हातारी मस्तगडात राहते आणि लेक नदीपलीकडे दिली आहे, एवढे सांगितले की रान कुठले ते प्रेक्षक स्वतःच ठरवतात. गाव बियाण्यांचे. तेव्हा एवढा मोठा भोपळा कुठल्या वाणाचा, यावर मावशी आणि कोल्हा यांची दहा मिनिटे सहज जुंपते. वाघाचा पिंजरा करायचा तर सळया गावच्याच कारखान्यातल्या.

हंगामाचा विचार लोक कमी करतात. नाताळ हा तिकडे घर एकत्र जमण्याचा काळ आहे, म्हणून पँटोमाइम नाताळात. आपल्याकडे ते दिवस दिवाळीचे. मे महिन्यात मराठवाड्यात दुपारचा खेळ लावणे म्हणजे म्हाताऱ्या माणसांना घरी ठेवणे. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात मात्र लेकी माहेरी आलेल्या असतात, संध्याकाळी हवेत गारवा असतो, आणि रंगमंचावरच्या मावशीला पाहायला खऱ्या मावश्या आणि आत्या मुलांसह हजर असतात.

उरला पडद्याचा हिशेब. मागे देखावा बदलत असताना पुढच्या पडद्यासमोर दोघांचा प्रवेश चालतो, ही तिकडची युक्ती कमी खर्चाच्या मंडळींना फार उपयोगी आहे. शेवटी गाण्याचे शब्द लिहिलेले कापड खाली सोडतात, प्रेक्षागृहाचे दोन भाग करून कोण मोठ्याने म्हणतो याची चुरस लावतात, चार पोरांना वर बोलावतात. ते मौजेसाठी असतेच, पण तेवढ्या वेळात आत सगळी पात्रे अखेरच्या प्रवेशाचे कपडे घालून घेतात. आपल्या खेळात त्याच वेळात भोपळा चाकांवर चढवून, आत म्हातारी बसवून तयार ठेवायचा. कापडावरची अक्षरे मात्र मागच्या रांगेतल्या आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी असावीत.

तालमीत हा खेळ नेहमी अर्धाच वाटतो, कारण निम्मे संवाद समोर बसलेल्यांचे असतात. ब्रिटिश नटांत एक जुना समज आहे: शेवटच्या दोन यमकी ओळी पहिल्या प्रयोगापर्यंत कुणी उच्चारायच्या नाहीत. समज बाजूला ठेवला तरी त्यामागची जाण खरी आहे. पहिल्या प्रयोगाच्या आठ दिवस आधी गल्लीतली वीस-पंचवीस पोरे तालमीला बोलवावीत, दोन-तीन आज्याही. वाघ मागून येईल तेव्हा ती पोरे किती वेळ ओरडतात, हे मावशी करणाऱ्या नटाने मनात आकडे मोजत पाहावे. त्याच्या वहीत संवादांच्या मधे त्या आकड्यांसाठी जागा कोरी सोडलेली असावी.