फोनमधला व्हिडीओ जुन्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही? असा बदला फॉरमॅट

लग्नाचं शूटिंग पुण्याहून पेन ड्राईव्हमध्ये येतं. बेळगावातल्या घरी आजी-आजोबा हौसेनं टीव्हीसमोर बसतात आणि पडद्यावर येतं 'अनसपोर्टेड फाईल'. असा अनुभव अनेकांना आला असेल. फाईल खराब नसते, प्लेअरही बिघडलेला नसतो. दोघांची भाषा जुळत नाही, एवढंच.

एमपी४ किंवा एव्हीआय हा फक्त डबा. आतला माल कुठल्या पद्धतीनं दाबून भरलाय, त्याला कोडेक म्हणतात. आजचे फोन एच.२६४ किंवा एच.२६५ वापरतात. एच.२६५ हे मानक २०१३ चं, तर घरातला प्लेअर बहुधा त्याआधीचा. त्याला एमपेग-२ कळतं, आणि अंगावर 'डिव्हएक्स' लिहिलेलं असेल तर एक्सव्हिडही. त्यामुळे फाईलच्या नावातलं एमपी४ खोडून एव्हीआय लिहिलं तर काही होत नाही. डब्यावरची चिठ्ठी तेवढी बदलते.

प्लेअरला यूएसबी असेल तर एव्हिडेमक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. चित्रासाठी एक्सव्हिड, आवाजासाठी एमपी३ आणि डबा म्हणून एव्हीआय निवडा. आकार ७२० बाय ५७६ च्या आत ठेवा. एक्सव्हिडच्या सेटिंगमध्ये क्यूपेल आणि जीएमसी हे दोन पर्याय बंदच ठेवा, बरेच जुने प्लेअर तिथंच अडतात. हँडब्रेक हे नाव सगळीकडे ऐकू येतं, पण त्यात एव्हीआय शोधत बसू नका. २००९ मध्येच त्यांनी ते काढून टाकलं.

पेन ड्राईव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही, पण दोन तासांचा एक्सव्हिड साधारण २ जीबीत बसतो. फाईलला मराठी नाव दिलं तर प्लेअरवर चौकोन दिसतील. नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं ठेवलेलं बरं.

यूएसबीच नसेल तर डिस्क करावी लागेल. डीव्हीडीस्टायलरमध्ये पाल निवडा: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. ४.७ जीबीच्या डिस्कवर बऱ्या दर्जात दोन तास बसतात. नुसती फाईल 'डेटा' म्हणून बर्न केली तर साधा डीव्हीडी प्लेअर ती घेणार नाही.

आता नेहमीची डोकेदुखी: सुरुवातीला सगळं ठीक, पण अर्ध्या तासानं ओठ हलतात आधी आणि मंगलाष्टका ऐकू येतात नंतर. कारण फोन सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते उजेड पाहून कमी-जास्त करतो, आणि जुन्या फॉरमॅटला वेग कायम लागतो. म्हणून आधी हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' आणि २५ निवडून एक एमपी४ तयार करा, मग पुढचं रूपांतर. (हँडब्रेक इथं मात्र कामाला येतो.) आधी पाच मिनिटांचा तुकडा करून ज्या प्लेअरवर बघायचंय त्याच्यावरच लावून बघा. कॉम्प्युटरवर चालला म्हणजे झालं, असं नसतं.

मराठी सबटायटल हवी असतील तर ती चित्रातच छापून घ्या. जुन्या प्लेअरकडे देवनागरी फाँट नसतो. उभा धरून काढलेला व्हिडीओ असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणार. ते घालवायला चित्र ताणलंत तर नवरी-नवरा दोघेही जाड दिसतील!

आणि मूळ फाईल डिलीट करू नका. ४के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, डीव्हीडीत सुमारे ४ लाख १५ हजार, म्हणजे विसातला एकच उरतो. गेलेले ठिपके उलट रूपांतर करून परत येत नाहीत. आजीसाठी डिस्क करा आणि मूळ फाईल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.