११४ गोवारी आणि एक पूल

आज २३ नोव्हेंबर. आपल्या पोंभुर्णा भागात गायगोधनाला गोवारी बांधव नाचतात, तेव्हा आपण सगळे कौतुकाने बघतो. पण आजची तारीख किती जणांना आठवते?

१९९४ साली याच दिवशी अनुसूचित जमातीचा हक्क मागायला हजारो गोवारी नागपुरात विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. पोलिसांच्या लाठीमारात चेंगराचेंगरी झाली. ११४ जीव गेले. त्यात बाया आणि लेकरंही होती.

त्याच वर्षी रवांडात तुत्सींचा वंशसंहार झाला. दोन्हींची तुलना मी करत नाही. तिथे ठरवून लाखो माणसं मारली. पण तिथे दरवर्षी ७ एप्रिलपासून सरकारी दुखवटा असतो आणि गावोगावी ‘गाचाचा’ न्यायालयं बसवून मारेकऱ्यांना जाब विचारला गेला.

आपल्याकडे झिरो माइलजवळ स्मारक झालं. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला ‘आदिवासी गोवारी शहीद’ नाव मिळालं. दाणी आयोगाने मात्र कुणालाच दोषी धरलं नाही.

आणि मूळ मागणी? २०१८ ला उच्च न्यायालयाने गोवारींना आदिवासी मानलं, १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

नागपूरला गेलो की त्या पुलाची पाटी मला टोचते. मेलेला गोवारी पाटीवर ‘आदिवासी’, जिवंत गोवारी दाखल्यावर ‘विशेष मागास प्रवर्ग’. आज फुलं जरूर वाहा, पण हा प्रश्नही विचारा.