क्रम बदलला की उत्तर बदलते

बे पाचे दहा आणि पाच दुणे दहा. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच येते, हे पाढे पाठ करतानाच मुलांच्या अंगवळणी पडते. पुढे आपण त्याला 'क्रमनिरपेक्षतेचा नियम' असे भारदस्त नाव देतो. हा नियम जिथे मोडला, तिथेच पुंजयामिकीचा पाया घातला गेला.

जून १९२५. ग्योटिंगेन विद्यापीठातील तेवीस वर्षांचा वेर्नर हायझेनबर्ग परागज्वराने हैराण होऊन उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर गेला. अणूतील इलेक्ट्रॉनची कक्षा कोणी पाहिलेली नाही. दिसतात त्या वर्णपटातील रेषा. मग रेषांच्या वारंवारता आणि तीव्रता यांवरच गणित उभारावे, असे त्याने ठरवले. प्रत्येक रेषेचा संबंध दोन ऊर्जापातळ्यांशी असतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनचे स्थान एका आकड्याऐवजी उभ्या-आडव्या तक्त्याने मांडावे लागले. असे दोन तक्ते गुणताना क्रम बदलला की उत्तरही बदलू लागले! हायझेनबर्गला हे खटकले. निबंधात ही अडचण नोंदवून तो पुढे गेला.

जुलैत तो निबंध मॅक्स बॉर्न यांच्या हाती आला. त्यांना ब्रेसलाऊ येथे विद्यार्थिदशेत शिकलेले मॅट्रिक्सचे बीजगणित आठवले. हे तक्ते म्हणजे मॅट्रिक्सच होते. संवेग गुणिले स्थान आणि स्थान गुणिले संवेग यांची वजाबाकी केली, तर कर्णावरील प्रत्येक जागी एकच स्थिर संख्या येते, हे बॉर्न यांना दिसले. उरलेल्या सर्व जागी शून्य येते, हे त्यांचा तरुण सहकारी पास्कुआल योर्डान याने सिद्ध केले. हायझेनबर्गला अडचण वाटलेली गोष्टच नव्या सिद्धांताचा मूलभूत नियम ठरली.

त्याच ऑक्टोबरात केंब्रिजचा पॉल डिरॅक रविवारी फिरायला गेला असताना त्याला वाटले, ही वजाबाकी गतिशास्त्रातील पॉयसाँच्या कंसासारखी दिसते. पण त्या कंसाची नेमकी व्याख्या आठवेना आणि ग्रंथालय बंद! सोमवारी सकाळी पुस्तक उघडल्यावर त्याची खात्री पटली.

१९२६ मध्ये श्रोडिंगर यांच्या मांडणीमुळे हीच गोष्ट कारकांच्या भाषेत सांगता आली. ती बारावीच्या विद्यार्थ्यालाही करून पाहता येते. स्थानाचा कारक म्हणजे 'क्ष ने गुणणे'. संवेगाचा कारक म्हणजे, एक स्थिरांक सोडल्यास, 'विकलन करणे'. आता क्ष वर्ग हे फल घ्या. आधी क्ष ने गुणून मग विकलन केले, तर क्ष घन आणि त्यावरून ३ क्ष वर्ग मिळते. आधी विकलन करून मग गुणले, तर २ क्ष आणि त्यावरून २ क्ष वर्ग. फरक क्ष वर्ग, म्हणजे मूळ फलच! क्ष घन घेतले तर फरक क्ष घन येतो. कोणतेही फल घ्या, गुणाकाराच्या विकलनाच्या नियमामुळे ते जसेच्या तसे परत मिळते.

येथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. उजवीकडे फल न लिहिता नुसतेच कारक मांडतात आणि 'क्ष चे विकलन १' म्हणून मोकळे होतात. विकलन क्ष आणि फल यांच्या गुणाकाराचे करायचे असते, हे त्यांच्या ध्यानातून निसटते. म्हणून आधी फल लिहायला लावावे आणि शेवटीच ते काढून टाकावे.

ही वजाबाकी शून्य नाही, म्हणूनच स्थान आणि संवेग या दोन्ही राशी एकाच वेळी हव्या तितक्या अचूक असू शकत नाहीत. हायझेनबर्गचे १९२७ चे अनिश्चितता तत्त्व ते हेच. या फरकाचे माप प्लांकच्या स्थिरांकाने ठरते. ज्यूल-सेकंदात तो लिहिताना दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्ये द्यावी लागतात. म्हणून क्रिकेटच्या चेंडूत हा परिणाम जाणवत नाही. अणूत मात्र तो टाळता येत नाही.

हायझेनबर्गला १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बॉर्न यांना ते १९५४ मध्ये, तेही वेगळ्या कामासाठी मिळाले. योर्डानला कधीच नाही. बॉर्न १९७० मध्ये वारले. ग्योटिंगेनमधील त्यांच्या समाधीच्या दगडावर ते समीकरण कोरलेले आहे: संवेग गुणिले स्थान, वजा स्थान गुणिले संवेग. आणि बरोबरीच्या चिन्हापुढे शून्य नाही.