आधीचा पेशंट

२७ ऑगस्ट १९४२, सकाळचे दहा. तुम्ही अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात, रुग्णालयातल्या एका खाटेपाशी उभे आहात. खाटेवरच्या माणसाला मान वळवता येत नाही. काखेतल्या गाठी इतक्या वाढल्यात की हाताची घडीसुद्धा घालता येत नाही. घास उतरत नाही, धड झोप नाही. तरुणपणी पोलंडहून आलेला, बॉल बेअरिंगच्या कारखान्यात राबलेला हा माणूस. इतिहासात त्याच्या नावाची दोनच अक्षरं उरणार आहेत: जे. डी. त्याच्या आजाराला आत्ता लिम्फोसार्कोमा म्हणतात, पुढे त्याची गणती लिम्फोमात होईल. क्ष-किरणांनी गाठी एकदा ओसरल्या होत्या. परत आल्या त्या किरणांनाही दाद देईनाशा झाल्या.

इंजेक्शन येतं. केसपेपरवर औषधाचं नाव नाही. लसिकापेशी मारणारं एक रसायन, एवढाच मोघम उल्लेख. युद्ध चालू आहे आणि हे औषध म्हणजे मस्टर्ड गॅसचं भावंड, नायट्रोजन मस्टर्ड. येल विद्यापीठातले लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन सरकारसाठी या विषारी रसायनांचा अभ्यास करताहेत. ती पांढऱ्या पेशींचा फडशा पाडतात, हे त्यांनी सशांमध्ये पाहिलंय, आणि उंदराची गाठ विरघळलेलीही पाहिलीय. माणसाच्या शिरेत मात्र ते आज प्रथमच जाणार.

जे. डी. सुईकडे बघतो. तुम्हाला त्याला काहीतरी सांगावंसं वाटतं: मळमळेल पण ती जाते, अमुक दिवशी अशक्तपणा येतो, तमुक दिवशी बरं वाटतं. पण हे ज्याच्याकडून कळावं असा माणूस जगात कुठेच नाही. परळला टाटा रुग्णालय उघडून दीड वर्ष झालंय. तिथेही शस्त्रक्रिया आणि किरणांवरच भिस्त आहे. या माणसाला आधीचा पेशंटच नाही.

चार-पाच दिवसांत मान हलू लागते. तो जेवतो, झोपतो. डॉक्टर चकित. मग पांढऱ्या पेशी कोसळतात, काही आठवड्यांनी गाठी परततात. १ डिसेंबरला तो जातो. युद्ध संपून १९४६ उजाडेपर्यंत हे प्रयोग जगापासून लपवलेलेच राहतात.

बावीस वर्षं पुढे सरका. १९६४, वॉशिंग्टनजवळचं बेथेस्डा. व्हिन्सेंट डेव्हिटा आणि त्यांचे सहकारी हॉजकिन लिम्फोमाच्या पेशंटांना एक नव्हे, चार औषधं एकत्र देऊन बघताहेत. त्यात ते जुनं मस्टर्ड आहे, आणि सदाफुलीपासून काढलेलं व्हिन्क्रिस्टीनही. होय, तुमच्या अंगणातलीच सदाफुली, मूळची मादागास्करची. पेशंट ओकून ओकून अर्धे होतात. पण १९७० साली निष्कर्ष छापून येतात तेव्हा सुमारे ऐंशी टक्के जणांचा आजार पूर्ण ओसरलेला असतो, आणि त्यातले बरेचजण नंतरही धडधाकट राहतात. औषधांच्या इतिहासात हे आकडे येतात. एक गोष्ट मात्र त्यात सहसा येत नाही: पेशंट जगायला लागले, म्हणून पेशंटला पेशंट भेटायला लागला.

आता जुलै १९८९, दादर पूर्व, संत गाडगे महाराज धर्मशाळा. बाहेर पाऊस झोडपतोय. आणि या खेपेला तुम्ही बघे नाही. मानेतली गाठ तुमची आहे. तुम्ही अंबाजोगाईकडचे प्राथमिक शिक्षक, सोबत धाकटा भाऊ. गाठीचा तुकडा काढला, तपासणीचा कागद आला, डॉक्टरांनी भावाला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. बाहेर येऊन तो तुमच्याकडे न बघता म्हणाला, "साधी गाठ आहे दादा. इंजेक्शनं घ्यावी लागतील."

धर्मशाळेत शेजारच्या सतरंजीवर सांगलीकडचा एक एसटी कंडक्टर आहे. इंजेक्शनांची पाचवी सायकल चालू. डोक्यावर एक केस नाही, भुवयाही विरळ. भाऊ चहा आणायला गेलेला बघून तो तुमची फाईल मागतो आणि तिकिटांचा हिशोब तपासावा तशी चाळतो.

"गुरुजी, नॉन हॉजकिन हाय तुमचं. माझंबी तेच. कॅन्सरच म्हणायचं त्याला."

तुमच्या पोटात खड्डा पडतो. विचित्र असं की पाठोपाठ हायसंही वाटतं. घरातल्यांनी मायेपोटी केलेली लपवाछपवी पेशंटला किती एकटं पाडते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. जे. डी.च्या कागदावर औषधाचं नाव नव्हतं. तुमच्या फाईलवर सगळी नावं आहेत, फक्त तुमच्यासमोर ती कुणी उच्चारत नाही.

दुसऱ्या दिवशी परळला. एल्फिन्स्टन, लालबाग, परळ, सगळीकडे संपानंतर थंड पडलेल्या गिरण्यांची धुराडी. रुग्णालयात आधी रक्त, मग पेशींच्या काउंटची वाट, मग औषधांची चिठ्ठी घेऊन भावाची धावाधाव. नोटा मोजताना तो तुमच्याकडे पाठ करतो. मग शीर शोधणं. सिस्टर मनगटावर टिचक्या मारते. एका सिरिंजमध्ये लालभडक औषध आहे, एड्रियामायसिन. याचं नाव इटलीजवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून पडलंय.

कंडक्टरनं बजावलंय, "टोचल्याजागी जरा जरी चुरचुरलं तर वरडायचं. सिस्टर रागावली तर रागावू द्या. ते लाल औषध शिरेभाईर गेलं तर कातडं जाळतंय." आणि, "आज लघवी लाल हुईल. रक्त न्हाई त्ये, औषधाचा रंग. पयल्या खेपंला मी संडासातच रडत बसलो हुतो."

ही दोन वाक्यं हातात नसती तर संध्याकाळी तुम्हीही तिथेच रडत बसला असता.

रात्री उलट्या सुरू होतात. ज्या गोळ्यांनी पुढच्या दशकात उलट्या आटोक्यात येतील त्या अजून इथे पोचलेल्या नाहीत. रत्नागिरीच्या एक मावशी, स्वतःच्या मुलाच्या उपचारांसाठी इथे मुक्कामाला असलेल्या, बादली सरकवून देतात आणि भावाला सांगतात, "त्याला जेव जेव करू नकोस. चमच्याचमच्यानं पाणी पाज." पाण्याला कारण आहे: टोचलेल्या औषधांतलं एन्डोक्सान मूत्राशयाला सोलून काढतं, लघवी भरपूर होत राहायला हवी. मग पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या. राक्षसी भूक, डोळ्याला डोळा नाही. पहाटे तीनला तुम्ही आणि कंडक्टर जिन्यात बसून तालुक्याच्या राजकारणावर वाद घालता. गोळ्या थांबतात त्या दिवशी अंगातलं सगळं बळ काढून घेतल्यागत होतं. तेही त्यानं आधीच सांगून ठेवलेलं असतं.

बोटांची टोकं बधिर होतात, सदऱ्याचं बटण लागत नाही. दोन-अडीच आठवड्यांनी उशीवर केसांचे पुंजके. खालच्या न्हाव्याकडे जाऊन तुम्ही गोटा करून घेता. लोकलमध्ये एक गृहस्थ आदरानं विचारतात, "वडील का?" महाराष्ट्रात पुरुषाच्या गोट्याचा पहिला अर्थ तोच. तुम्ही मान डोलावता, आणि अंबाजोगाईला ठणठणीत असलेल्या वडिलांची मनातल्या मनात क्षमा मागता.

इथे मिळणारं सगळंच शहाणपण सोन्याचं नसतं. एका पेशंटचा मेव्हणा सदाफुलीचा पाला उकळून वाटत फिरतो: औषध यातूनच काढतात ना, मग शिरेत कशाला टोचायचं? पाल्याच्या ढिगातून चिमूटभर निघणारं ते औषध, त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात. काढ्यात किती उतरलं आणि सोबत आणखी काय उतरलं, हे कुणी सांगावं? सोसायचं कसं हे सहपेशंटनं सांगावं, घ्यायचं काय हे नाही. कंडक्टरला ही रेघ बरोबर कळते. तो काढा घेतो, आभार मानतो आणि मोरीत ओततो. त्याचा स्वतःचा नियम एकच, तोही डॉक्टरांकडून आलेला: दहाव्या दिवसानंतर काउंट तळाला असतात, तेव्हा ताप आला तर क्रोसिन खाऊन पडून राहायचं नाही. रात्रीचे दोन वाजले तरी टॅक्सी करायची.

तिसऱ्या सायकलला मावशींची जागा रिकामी असते. "गावी गेल्या," एवढंच कुणीतरी म्हणतं. मुलाबद्दल विचारायचं धाडस तुम्हाला होत नाही. सोबतीची हीसुद्धा किंमत आहे. ज्यांच्यामुळे धीर येतो त्यांच्याचमुळे झोप उडते. या कारणासाठी काहीजण कुणाशी बोलतच नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात. त्यांना नावं ठेवू नयेत.

त्याच आठवड्यात एक जाडजूड, घामाघूम गृहस्थ धर्मशाळेत उतरतात. नगरकडचे. १९७७ साली हॉजकिनसाठी चार औषधांचा कोर्स झालेला, आता वर्षातून एकदा फॉलोअपला येतात. बातमी मजल्यावर पसरते आणि त्यांच्याभोवती घोळका जमतो. ते आजाराबद्दल चकार शब्द काढत नाहीत. एसटीचं वाढलेलं भाडं, कांद्याचा भाव, मुलीचं लग्न. लोक हळूच त्यांची मान न्याहाळतात. शेवटी तुम्हालाच राहवत नाही.

"काका, केस परत आले का?"

ते टोपी काढतात. टक्कल.

"आले होते की, चांगले कुरळे. हे आता वयानं गेले."

कंडक्टर इतका हसतो की खालून रखवालदार ओरडतो.