स्लश यंत्रांचा भाडेव्यवसाय

स्लश यंत्रांचा भाडेव्यवसाय म्हणजे वाढदिवस, विवाह, शालेय मेळावे, घरगुती मेजवान्या अशा प्रसंगांसाठी रवाळ, बर्फाळ पेये तयार करणारी यंत्रे एक-दोन दिवसांपुरती भाड्याने पुरविण्याचा व्यवसाय होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः टेक्सास राज्यात, हा व्यवसाय सर्वपरिचित आहे. तेथे अशा यंत्राला पुष्कळदा 'मार्गारिटा मशीन' असेच म्हटले जाते, कारण टकिला, लिंबाचा रस व संत्र्याचे मद्य यांपासून बनणारे मार्गारिटा हे पेय गोठवून देण्यासाठी त्याचा मोठा वापर होतो. मुलांच्या समारंभांत त्याच यंत्रातून मद्यविरहित फळस्वादांची पेये दिली जातात.

या यंत्राचे काम केवळ थंडाव्यावर चालत नाही. पेयात विरघळलेली साखर, अल्कोहोल किंवा अन्य पदार्थ यांचे प्रमाण योग्य असेल तरच त्यात बारीक बर्फकण तयार होतात. यंत्राचा इतिहास, भाड्याने घेताना पाळावयाची पथ्ये आणि मुलांच्या आरोग्याविषयीचे इशारे या सर्वांचा संबंध याच प्रमाणाशी येतो.

== कार्यतत्त्व ==

शुद्ध पाणी ०° सेल्सियस तापमानाला गोठते. पाण्यात साखर विरघळवली की हा गोठणबिंदू खाली जातो. वजनाने १३ टक्के साखर असलेले द्रावण सुमारे उणे ०.८° सेल्सियसला गोठू लागते. मात्र ते एकदम घट्ट होत नाही. प्रथम त्यातील काही पाण्याचे बर्फकण होतात. त्यामुळे उरलेला द्रव अधिक गोड होतो व त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. अशा रीतीने उणे २ ते उणे ३ अंशांच्या आसपास बर्फकण आणि गोड द्रव यांचे ओतता येण्याजोगे मिश्रण तयार होते. यालाच स्लश म्हणतात.

विरघळलेल्या साखरेचे प्रमाण 'ब्रिक्स' या अंशांत मोजतात. १०० ग्रॅम द्रावणात १३ ग्रॅम साखर असल्यास ते १३ ब्रिक्स होते. साध्या स्लश यंत्रांसाठी किमान १३ ब्रिक्सचे मिश्रण वापरावे, अशी सूचना सामान्यतः केली जाते. मिश्रण याहून पातळ असल्यास यंत्राच्या थंड पृष्ठभागावर कठीण बर्फ साचतो, पाते अडकते आणि मोटर किंवा दंतचक्रे यांना इजा होऊ शकते.

अल्कोहोलचा परिणाम अधिक तीव्र असतो. आकारमानाने १० टक्के अल्कोहोल असलेले पाणी सुमारे उणे ३ ते ४ अंशांना, तर २० टक्के अल्कोहोल असलेले पाणी सुमारे उणे ८ ते ९ अंशांना गोठू लागते. म्हणून मद्य जास्त झाल्यास पेय कितीही वेळ ठेवले तरी पातळच राहते.

== रचना ==

समारंभांसाठी दोन प्रकारची यंत्रे प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात पारदर्शक प्लॅस्टिकची एक ते तीन भांडी असतात. प्रत्येक भांड्यात एक आडवे थंड नळकांडे असून त्याभोवती मळसूत्री पाते फिरत राहते. नळकांड्यावर जमणारे बर्फकण पाते खरवडून काढते व मिश्रण ढवळत पुढच्या तोटीकडे ढकलते. एका भांड्यात सामान्यतः १० ते १२ लिटर मिश्रण मावते. दुसऱ्या प्रकारात मऊ आइसक्रीमच्या यंत्राप्रमाणे धातूचे बंद पिंप असते. वरच्या टाकीतून मिश्रण त्यात उतरते, पिंपाच्या आतल्या भिंतीवर गोठते आणि पात्यांनी खरवडले जाते. हा प्रकार जड व महाग असला तरी तो पेय लवकर गोठवतो.

दोन्ही प्रकारांत घरगुती शीतकपाटाप्रमाणेच कॉम्प्रेसर, कंडेन्सर व शीतक वायू यांची योजना असते. पेयातून काढलेली उष्णता कंडेन्सरवाटे बाहेरच्या हवेत सोडली जाते. त्यामुळे यंत्राभोवती हवा खेळती नसल्यास गोठण्याची क्रिया मंदावते.

== इतिहास ==

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅन्सस राज्यातील कॉफीव्हिल येथे ओमर नेडलिक यांचे डेअरी क्वीन उपाहारगृह होते. तेथील सोडा यंत्र बिघडल्याने त्यांनी शीतपेयांच्या बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. अर्धवट गोठलेले ते पेय ग्राहकांना आवडले. तसे पेय सातत्याने तयार व्हावे म्हणून नेडलिक यांनी मोटारगाडीच्या वातानुकूलन यंत्रणेचे भाग वापरून यंत्र घडविण्याचे प्रयत्न केले. पुढे डॅलस येथील जॉन ई. मिचेल कंपनीच्या साहाय्याने ते यंत्र बाजारात आले व त्यातील पेय 'आयसी' या नावाने प्रसिद्ध झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यास सेव्हन-इलेव्हन या दुकानसाखळीने परवाना घेऊन तेच पेय 'स्लर्पी' या नावाने विकण्यास प्रारंभ केला.

टेक्सास राज्यातील मतदारांनी १९७० मध्ये घटनादुरुस्तीस मान्यता दिल्यानंतर तेथे उपाहारगृहांतून मिश्र मद्यपेये पेल्यावारी विकण्याचा मार्ग खुला झाला. १९७१ मध्ये डॅलस येथे मारियानो मार्टिनेझ यांनी मेक्सिकन पद्धतीचे उपाहारगृह सुरू केले. तेथे मार्गारिटा मिक्सरमध्ये बर्फासह घुसळून दिली जात असे. मागणी वाढताच प्रत्येक पेल्याची चव वेगळी लागू लागली आणि काम करणारेही त्रासले. स्लर्पीचे यंत्र पाहून मार्टिनेझ यांना यंत्राद्वारे मार्गारिटा गोठविण्याची कल्पना सुचली. तसे यंत्र विकत न मिळाल्याने त्यांनी मऊ आइसक्रीमचे एक जुने यंत्र घेतले आणि फ्रँक अ‍ॅडम्स या रसायनज्ञ मित्राच्या मदतीने त्यात बदल केले. मद्यामुळे पेय गोठत नाही ही मुख्य अडचण होती. पाणी आणि साखर यांचे प्रमाण वाढवून त्यांनी ती सोडविली.

मार्टिनेझ यांनी या यंत्राचे पेटंट घेतले नाही. गोठवलेल्या मार्गारिटाची यंत्रे नंतर अमेरिकेतील असंख्य उपाहारगृहांत दिसू लागली. मार्टिनेझ यांचे मूळ यंत्र २००५ मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतले.

== भाड्याचा व्यवहार ==

या यंत्राची किंमत व वजन दोन्ही अधिक असल्यामुळे वर्षातून एखाद्या समारंभासाठी ते विकत घेणे बहुतेकांना परवडत नाही. भाड्यात साधारणपणे यंत्र पोहोचविणे, जोडून देणे व परत नेणे यांचा समावेश असतो. पेयाचे मिश्रण, पेले आणि अतिरिक्त दिवस यांचा आकार वेगळा लावण्याची पद्धत आढळते. अनामत रक्कम आणि यंत्र अस्वच्छ स्थितीत परत केल्यास द्यावे लागणारे शुल्क या दोन बाबी करारात आधीच पाहून घेणे इष्ट असते.

यंत्राची क्षमता पाहुण्यांच्या संख्येवरून ठरविली जाते. १२ लिटरच्या एका भांड्यातून २४० मिलिलिटरचे ५० पेले भरतात. मात्र भांडे रिकामे झाल्यावर नवे मिश्रण गोठण्यास पुन्हा वेळ लागतो. खोलीच्या तापमानाचे मिश्रण गोठण्यास अनेक यंत्रांना पाऊण ते दीड तास लागतो व उन्हात हा काळ वाढतो. म्हणून मिश्रण आधीच शीतकपाटात थंड करून ठेवणे आणि भांडे निम्मे झाले की थोडे-थोडे भरत राहणे सोयीचे ठरते.

अमेरिकेत घरगुती वीजपुरवठा सुमारे १२० व्होल्टचा असतो. तेथे यंत्रासाठी १५ किंवा २० अँपिअरचे स्वतंत्र मंडल लागते. त्याच मंडलावर ओव्हन किंवा अन्य जड उपकरण चालू असल्यास पुरवठा खंडित होतो. लांब व बारीक तारेच्या जोडवायरीमुळे व्होल्टता घटून कॉम्प्रेसर सुरू न होण्याचा किंवा तापण्याचा संभव असतो. वाहतुकीत यंत्र आडवे झाले असल्यास ते उभे करून काही तास स्थिर ठेवावे लागते, कारण कॉम्प्रेसरमधील तेल पुन्हा जागेवर यावे लागते.

मद्यमिश्रित पेयासाठी मद्याचे माप काटेकोर ठेवतात. १२ लिटर मिश्रणात १० टक्के अल्कोहोल हवे असल्यास ४० टक्क्यांचे मद्य ३ लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ४ बाटल्या लागतात. मद्यविक्रीला परवाना आवश्यक असल्याने भाड्याने देणारे अनेक व्यावसायिक केवळ मद्यविरहित मिश्रण पुरवितात. मद्य यजमानाने स्वतः आणून मिसळावयाचे असते. अमेरिकेत मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ वर्षे आहे. समारंभात मुले असल्यास मद्ययुक्त व मद्यविरहित भांड्यांवर ठळक पाट्या लावणे महत्त्वाचे असते, कारण दोन्ही पेये दिसावयास सारखीच असतात. शिवाय थंडीमुळे जिभेला गोडी कमी जाणवते आणि गोड, आंबट चवीत मद्याची तीव्रता लपते, त्यामुळे पिणाऱ्याला प्रमाणाचा अंदाज येत नाही.

== स्वच्छता ==

गोड मिश्रण तोटी, रबरी कडी व पात्यांच्या सांध्यांत साचून राहिल्यास त्यात यीस्ट, बुरशी व जिवाणू वाढतात. तापमान शून्याखाली असल्याने जंतूंची वाढ मंदावते, परंतु ते मरत नाहीत. यंत्र बंद करून तसेच ठेवल्यास वाढ पुन्हा सुरू होते. म्हणून प्रत्येक वापरानंतर भांडे, पाते, तोटी व रबरी कडी सुटी करून धुणे, स्वच्छ पाण्याने खळबळणे आणि खाद्योपयोगी निर्जंतुक द्रावणात बुडविणे आवश्यक असते. यंत्र ताब्यात घेताना तोटीचा आतील भाग व रबरी कडी पाहिल्यास त्याच्या स्वच्छतेची कल्पना येते.

== ग्लिसरॉल आणि मुलांचे आरोग्य ==

साखर कमी केली की स्लश नीट तयार होत नाही. त्यामुळे साखरविरहित किंवा कमी साखरेच्या मिश्रणात ग्लिसरॉल हा गोडसर, गोठणबिंदू खाली आणणारा पदार्थ घातला जातो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर त्याचा निर्देश 'ई ४२२' असाही असतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम वा त्याहून अधिक साखर घातलेल्या शीतपेयांवर कर लागू झाला. त्यानंतर तेथील पेयांत साखर कमी करण्याकडे कल वाढला.

लहान मुलांनी थोड्या वेळात अधिक ग्लिसरॉल घेतल्यास डोकेदुखी, उलटी, गुंगी, रक्तातील साखर एकाएकी घटणे व शुद्ध हरपणे असे परिणाम होऊ शकतात. ब्रिटन व आयर्लंडमधील २१ बाधित मुलांविषयीचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२३ मध्ये ४ वर्षे व त्याखालील मुलांना अशी पेये देऊ नयेत असे सुचविले होते. २०२५ मध्ये ही मर्यादा वाढविण्यात आली. नव्या सल्ल्यानुसार ७ वर्षांखालील मुलांना ग्लिसरॉलयुक्त स्लश देऊ नये आणि ७ ते १० वर्षांच्या मुलांना ३५० मिलिलिटरच्या एका पेल्याहून अधिक देऊ नये.

भाड्याच्या यंत्राबाबत ही बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. दुकानात विक्रेता पेला भरून देतो व प्रत्येक पेल्याचे पैसे घेतो. घरगुती समारंभात मात्र मुले स्वतःच तोटी उघडून हवे तितके पेय घेऊ शकतात. मिश्रणाच्या बाटलीवरील घटकांची यादी यंत्रावर नसते. 'साखरविरहित' हा शब्द पालकांना आश्वासक वाटतो, पण लहान मुलांच्या दृष्टीने त्यातच जोखीम असू शकते. त्यामुळे मिश्रणातील घटक आधी विचारून घेणे आणि पेये भरून देण्यासाठी एका प्रौढ व्यक्तीची नेमणूक करणे हा सुरक्षित मार्ग ठरतो. लहान मुलांसाठी साखर घातलेले, ग्लिसरॉलविरहित मिश्रण निवडता येते. मात्र त्यातील १३ टक्के साखरेमुळे २४० मिलिलिटरच्या एका पेल्यात ३० ग्रॅमहून अधिक साखर असते.

== इतर बर्फाळ पदार्थांशी तुलना ==

महाराष्ट्रातील बर्फाच्या गोळ्यात आधी तयार असलेला शुद्ध पाण्याचा बर्फ किसून त्यावर सरबत ओततात. त्यामुळे सरबत चोखल्यावर फिका बर्फ उरतो. स्लशमध्ये सरबतच ढवळत गोठविले जाते, तरीही पेंढ्याने वेगाने ओढल्यास गोड द्रव आधी येतो व फिके बर्फकण मागे राहतात. हाताने फिरविण्याच्या आइसक्रीमच्या संच्यात बाहेरील बर्फावर मीठ टाकून त्याचे तापमान शून्याखाली नेले जाते. तेथे गोठणबिंदू खाली आणण्याचे तत्त्व भांड्याच्या बाहेर, तर स्लश यंत्रात ते खुद्द पेयातच वापरले जाते.